वापरलेले पाणी जाते कोठे?

पाणी घरात कोठून येते, हे आमच्या विद्यार्थ्यांपैकी लहानात लहानासही सांगता येते. कोणी विहिरीचे नाव घेईल, कोणी हातपंपाचे, कोणी नळाचे. परंतु तेच पाणी वापरून झाल्यावर घरातून जाते कोठे, असा प्रश्न आम्ही एकदा वर्गात केला, तेव्हा बराच वेळ कोणी बोलेना. अखेर मागल्या बाकावरून उत्तर आले, "बाहेर जाते, सर!" सारा वर्ग हसला, आम्हीही हसलो. परंतु मागाहून विचार करता आमच्या ध्यानात आले की, थोरामोठ्यांस विचारले तरी त्यांचेही उत्तर याहून फारसे निराळे येणार नाही. करिता या "बाहेर"चा थोडा शोध घ्यावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे. विषय जरासा ओंगळ आहे खरा. परंतु ज्या गोष्टीचा उच्चार करण्यास आपण लाजतो, तिच्यापासून होणारा अपाय काही लाजून थांबत नाही.

आपले तलासरी समुद्रापासून आत, मुंबई-अहमदाबाद हमरस्त्यावर, गुजरातच्या सीमेशेजारी वसले आहे. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा निर्माण झाला, त्या जिल्ह्यातील तालुक्याचे हे ठिकाण असून येथे आता नगरपंचायत आहे. विहिरीवरून हंड्यांनी पाणी वाहून आणावे लागत असे, त्या काळी सांडपाण्याचा प्रश्न कोणास सुचलाच नाही, यात नवल नाही. ज्या पाण्यासाठी मान मोडते ते कोणी व्यर्थ सांडीत नाही. मोरीतून जे थोडे बाहेर पडे ते परसातील अळू आणि केळी पिऊन टाकीत. आता नळ आले, फरशीची न्हाणीघरे झाली, पाण्याचा लोट सोडण्याचे शौचकूप बसले. माणशी शंभर लिटर पाणी घरात आले, तर त्यातील सुमारे ऐंशी लिटर मळून पुन्हा बाहेर पडते, असा अभियंत्यांचा हिशेब आहे. वीस हजार वस्तीच्या गावाचे असे पाणी रोजचे सोळा लाख लिटर होईल. एवढ्यास अळूचे दोन वाफे पुरणार नाहीत, हे सांगणे नकोच.

मोठ्या शहरांत हे सर्व पाणी जमिनीखालच्या गटारांतून एका ठिकाणी नेतात व तेथे त्याचे शुद्धीकरण करितात. ते समजण्यासाठी आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. स्वच्छ नदीच्या पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो. आपल्या उष्ण प्रदेशात लिटरमागे अवघा सात-आठ मिलिग्रॅम. मासे त्यावरच जगतात. मैलापाणी नदीत पडले की त्यातील घाण खाण्यासाठी अगणित सूक्ष्म जंतू तुटून पडतात आणि खाताना तो प्राणवायू संपवितात. एक लिटर मैलापाण्यातील घाण जिरविण्यास जंतूंना साधारण दोनशे ते तीनशे मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. सात-आठाची शिल्लक आणि तीनशेची मागणी! मग मासे मरतात, पाणी काळे पडते, त्यास दुर्गंधी येते. नदीस जे झेपत नाही ते मनुष्याने हौदात करून घ्यावयाचे, हीच शुद्धीकरणाची सारी युक्ती. आधी जाळीतून चिंध्या व काटक्या अडवितात, मग वाळू खाली बसू देतात, मग जड गाळ. नंतर त्या पाण्यात यंत्राने हवा फुंकितात, म्हणजे जंतूंना प्राणवायूचा तोटा पडत नाही व ते झपाट्याने घाण खाऊन वाढतात. शेवटी ते जंतू गोळा होऊन तळाशी बसतात आणि वरचे निवळ पाणी पुढे सोडतात. तळाचे जंतू फेकून न देता पुन्हा नव्या पाण्यात विरजणासारखे घालावे, ही कल्पना इंग्लंडातील मँचेस्टर शहरी आर्डर्न व लॉकेट या दोघा रसायनज्ञांनी 1914 साली मांडली. आमच्या घरोघरच्या आया हेच काम दह्याचे विरजण राखून नित्य करीत आल्या आहेत.

ही पद्धत उत्तम खरी, परंतु तिचा लाभ आपल्या देशात अद्याप थोड्याच पाण्यास मिळतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020-21 सालच्या आकड्यांवरून पाहता, भारतातील शहरांत रोज 72,368 दशलक्ष लिटर मैलापाणी निर्माण होत होते व त्यापैकी प्रत्यक्ष शुद्ध होत होते 20,236 दशलक्ष लिटर. म्हणजे शंभर भागांतील अठ्ठावीस. लहान गावास तर भूमिगत गटारांचा खर्चच पेलत नाही. नळांना सर्वत्र उतार हवा. पाण्याचा वेग सेकंदास निदान दोन फूट राहिला नाही तर मैला वाटेतच बसतो. उतार संपला की पंप हवा, पंपास वीज हवी, आणि विजेचे देयक दर महिन्यास न चुकता हजर. म्हणून लहान गावांनी दुसरा मार्ग धरला. घराच्या मागे एक बंदिस्त टाकी बांधावयाची, जिला आपण सर्वजण सेप्टिक टँक म्हणतो.

या टाकीचे "सेप्टिक" हे नाव 1895 च्या सुमारास इंग्लंडातील एक्झिटर गावच्या डोनाल्ड कॅमेरॉन नामक अभियंत्याने रूढ केले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कुजविणारी असा आहे. आपल्या प्रांतातही ही विद्या पोहोचण्यास वेळ लागला नाही. मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रमात 1897 च्या सुमारास अशा टाकीतून निघणारा वायू धरून त्यावर इंजिन चालविल्याची नोंद आहे. समाजाने ज्यांना गावाबाहेर ठेविले, त्यांच्या वस्तीतून ही नवी विद्या हिंदुस्थानात सुरू व्हावी, याचे आम्हांस राहून राहून आश्चर्य वाटते.

टाकीचे कार्य साधे आहे. आत आलेला मैला तीन थरांत विभागतो. जड भाग गाळ होऊन तळाशी बसतो, तेलकट भाग सायीप्रमाणे वर तरंगतो, आणि मध्ये गढूळ पाणी राहते. तळाच्या गाळात प्राणवायूवाचून जगणारे जंतू असतात. ते गाळ कुजवून त्याचा वायू करितात व गाळाचा आकार कमी होत जातो. चांगल्या टाकीस आत आडवी भिंत असते, आणि बाहेर जाणाऱ्या नळाचे तोंड मधल्या पाण्यात बुडविलेले असते. म्हणजे साय आणि गाळ आत राहून फक्त मधले पाणी बाहेर पडते. पाणी आत एक-दोन दिवस थांबले पाहिजे, तरच थर नीट बसतात. ज्या घरी फिनेल व आम्ल यांच्या बाटल्या शौचकूपात हात सैल सोडून ओतल्या जातात, तेथे हे बिचारे जंतूच मरतात आणि टाकी नुसता हौद होऊन बसते.

परंतु, आणि हा परंतु फार महत्त्वाचा आहे, टाकीतून बाहेर पडणारे पाणी शुद्ध नसते. त्यातील घाण निम्म्याच्या आसपास उतरते, रोगजंतू तर बहुतेक तसेच राहतात. म्हणून ते पाणी उघड्या गटारात न सोडता शोषखड्ड्यात मुरवावे लागते. मातीच्या कणांतून झिरपताना त्याची उरलेली गाळणी होते. शिवाय तळाचा सगळाच गाळ कुजून जात नाही. वर्षानुवर्षे तो साठतो, मधल्या पाण्याची जागा व्यापतो, आणि मग आत आलेला मैला न थांबता जसाचा तसा बाहेर पडू लागतो. म्हणून दोन-तीन वर्षांनी टाकी उपसलीच पाहिजे.

आता आम्ही वारंवार ऐकलेले एक वाक्य सांगतो. "आमची टाकी इतकी उत्तम बांधली आहे की, वीस वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही." हे वाक्य मोठ्या अभिमानाने उच्चारले जाते, आणि ऐकणाराही मान डोलावतो. वास्तविक टाकी वीस वर्षे भरत नाही, याचा अर्थ बहुधा एवढाच की, तिला तळ नाही किंवा तिच्या भिंतींस भेगा आहेत, अथवा आलेला मैला तसाच गटारात वाहून जात आहे. पैसे वाचविण्यासाठी तळ न घालता नुसत्या खड्ड्यास चार भिंती बांधून त्यास सेप्टिक टँक म्हणण्याचा प्रघात पुष्कळ ठिकाणी आहे. गवंडी म्हणतो, "पाणी मुरेल, उपसण्याची कटकट नाही." मुरते खरेच. परंतु मुरून जाते कोठे, हे तो सांगत नाही, कारण ती विहीर बहुधा शेजाऱ्याची असते!

आपल्या भागात या गोष्टीस अधिक महत्त्व आहे. आपल्या जमिनीखाली काळा कातळ आहे. वर मातीचा व मुरमाचा थर, कोठे जाड, कोठे वीतभर, आणि खाली फटी असलेला दगड. जाड मातीतून पाणी हळूहळू झिरपते व गाळले जाते. दगडाच्या फटीत शिरलेले पाणी मात्र गाळले न जाता धावत सुटते. त्यात आपला पावसाळा. चार महिने असा कोसळतो की, जमिनीतील पाणी वर वर चढत येऊन विहिरी काठोकाठ भरतात; शोषखड्ड्यात मग शोषण्यास जागाच उरत नाही. उन्हाळ्यात कोरडा दिसणारा खड्डा श्रावणात विहिरीच्या पाण्याशी एकजीव झालेला असतो. याच दिवसांत जुलाब, कावीळ, विषमज्वर यांचा जोर असतो, आणि आपण पावसाला बोल लावतो. शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान 18 मीटर, म्हणजे साठ फुटांच्या आसपास, दूर असावा, असा नियम आहे. दाट वस्तीत, जेथे एका घराची पागोळी दुसऱ्याच्या अंगणात पडते, तेथे हे साठ फूट आणावयाचे कोठून? तेथे गळकी टाकी असणे म्हणजे सर्वांनी मिळून एकाच हंड्यात हात धुणे होय.

टाकी उपसण्याविषयी लिहिताना लेखणी थोडी अडखळते. भरलेल्या टाकीत मनुष्य उतरवून ती साफ करविण्याची रीत आपल्याकडे फार दिवस चालली व तिने कित्येक प्राण घेतले. टाकीत प्राणवायू नसतो. तेथे साठणारा हायड्रोजन सल्फाइड नावाचा विषारी वायू थोडा असता कुजक्या अंड्यासारखी घाण येते, पण तो फार झाला की घ्राणेंद्रियच बधिर होते व वास येईनासा होतो. उतरणाऱ्यास वाटते, आता वास गेला, आत धोका नाही. तो कोसळतो, त्यास काढण्यासाठी दुसरा धावतो, तोही कोसळतो, मग तिसरा. वृत्तपत्रांत एकाच टाकीत दोघे-तिघे गेल्याचे वाचावयास मिळते, त्याचे कारण हे आहे. 2013 सालच्या कायद्याने संरक्षणाच्या साधनांवाचून अशा कामास माणूस लावणे हा गुन्हा ठरविला आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली अशा मृत्यूबद्दल कुटुंबास दहा लक्ष रुपये देण्याचा आदेश दिला होता. ऑक्टोबर 2023 मध्ये ती रक्कम तीस लक्ष केली. आमच्या विद्यार्थ्यांनी एवढे पक्के ध्यानात धरावे की, टाकीत कोणी पडला असे दिसले तर स्वतः आत उतरावयाचे नाही. मोठ्याने हाका मारून मोठी माणसे जमवावयाची व अग्निशमन दलास बोलवावयाचे. आणि पालकांस आमची विनंती की, स्वस्तात काम होते म्हणून शिडी व बादली घेऊन आलेल्या मजुरास टाकीचे झाकण उघडून देऊ नये. नळीने मैला ओढून घेणारी गाडी मिळते, तीच बोलवावी.

येथवर वाचून कोणी म्हणेल, हे सर्व खरे, पण लहान गावाने करावे काय? यास उत्तर म्हणून सातारा जिल्ह्यातील वाई गावाचे उदाहरण सांगतो. कृष्णाकाठचे हे क्षेत्र. ढोल्या गणपतीमुळे व घाटांमुळे सर्वांस परिचित. 2011 च्या शिरगणतीत तेथील वस्ती 36 हजारांच्या घरात होती. तेथेही घरोघरी टाक्या, आणि टाकी तुंबून वाहू लागली म्हणजे मालकाने धावाधाव करावयाची, हाच क्रम होता. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील अभ्यासकांच्या साहाय्याने वाई नगरपरिषदेने 2018 पासून हा क्रम उलटा केला. मालकाने बोलवावे याची वाट न पाहता गाडीनेच आळीआळीने फिरावे व प्रत्येक टाकी तीन वर्षांतून एकदा रिकामी करावी, असे ठरले. त्या वेळी मालकाकडून निराळे पैसे घ्यावयाचे नाहीत. स्वच्छतेचा लहानसा कर सर्वांनी भरावयाचा. गाडी चालविणाऱ्या ठेकेदारास त्याने उपसलेल्या टाक्यांच्या संख्येवर पैसे मिळावयाचे. जेथे पूर्वी श्रीमंताची टाकी उपसली जाई व गरिबाची वाहत राही, तेथे दोघांचीही पाळी एका यादीत आली.

यात आम्हांस सर्वांत आवडला तो त्यातील हिशेब. आमच्या सातवीच्या मुलांनी तो फळ्यावर करून पाहावा. समजा, एका गावात तीन हजार टाक्या आहेत. तीन वर्षांत सर्व उपसावयाच्या, म्हणजे वर्षास एक हजार. कामाचे दिवस वर्षाकाठी तीनशे धरले, तर रोज तीन किंवा चार टाक्या. दर टाकीतून तीन-चार हजार लिटर निघाले असे मानले, तर रोजचा मैला बारा-तेरा हजार लिटर. एक गाडी, एक चालक, एक-दोन मदतनीस, आणि दिवसाकाठी चार फेऱ्या. एवढ्याने गावाचे काम भागते! सगळे गाव खणून त्याखाली नळ घालण्याच्या मानाने हे काम किती आटोक्यातील आहे, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञ नको. अडचण पैशांची जितकी, तितकीच यादी करण्याची आहे. कोणाच्या घरी टाकी आहे, तिला तळ आहे की नाही, झाकण फरशीखाली गाडले गेले आहे काय, गाडी गल्लीत शिरते की लांब नळी हवी, हे घरोघरी जाऊन लिहून काढावे लागते.

गाडी भरली, म्हणजे काम अर्धे झाले. उरलेले अर्धे बिघडले तर पहिलेही व्यर्थ. रात्री गाडी एखाद्या ओहोळाच्या काठी उभी करून नळीचे तोंड सोडून देणे सोपे असते, आणि असे होते हे सर्वांस ठाऊक आहे. गावच्या तीन हजार टाक्यांतील विष एका ओहोळात आणून ओतण्यापेक्षा ते टाक्यांतच राहिले असते तर काय वाईट, असे मग म्हणावे लागेल. वाईस यासाठी दिवसाला 70 हजार लिटर मैला घेणारे केंद्र उभारले आहे. तेथे गाळ वाळवून उष्णतेने त्याचा कोळसा करितात. नाशिक जिल्ह्यातील सिन्नर येथील केंद्रही तेवढ्याच क्षमतेचे, पण रीत अगदी शेतकरी वळणाची. खडी व वाळू यांचे थर घातलेल्या वाफ्यांत मैला पसरावयाचा. पाणी खाली झिरपून नळाने निघून जाते, गाळ उन्हात वाळतो व फावड्याने उचलता येतो. आपल्याकडे भात झोडपून वाळवितात त्याहून यात अधिक विद्या नाही. मात्र वाळला म्हणून तो लगेच शेतात घालू नये. पोटातील जंतांची अंडी फार चिवट असतात. आणखी काही महिने तो रचून ठेवून चांगला कुजवावा अथवा तापवावा लागतो. आपल्या मुसळधार पावसात उघड्या वाफ्यांचा उपयोग नाही, त्यांवर छप्पर हवे, हेही जाता जाता सांगितले पाहिजे.

झिरपलेले पाणी आणि मोऱ्यांचे सांडपाणी यांच्यासाठीही विजेवाचून चालणारा उपाय आहे. खडीने भरलेल्या उथळ चरात कर्दळ, पाणकणीस यांसारखी पाणथळीची झाडे लावून त्यांच्या मुळांतून पाणी हळूहळू पुढे जाऊ देतात. मुळांवर वाढणारे जंतू घाण खातात व झाडे त्यातील खत पिऊन माजतात. नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय संस्थेने या तत्त्वावर "फायटोरिड" नावाची पद्धत तयार केली आहे. मोरीमागचे अळू आमच्या आजीबाईंनी लावले, तेव्हा त्यांना हे नाव ठाऊक नव्हते इतकेच.

पाड्यांवरील घरांस मात्र टाकीची गरजच नाही, असे आमचे मत आहे. तेथे दोन खड्ड्यांचा शौचकूप उत्तम. एक खड्डा भरला की नळाचे तोंड दुसऱ्याकडे वळवावयाचे. पहिला खड्डा दीड-दोन वर्षे बंद राहिला म्हणजे आतील मैल्याचे काळे, भुसभुशीत, निर्गंध सोनखत होते. ते उपसण्यास गाडी नको, आणि दुसऱ्या कोणा माणसास हीन मानून त्याच्याकरवी करवून घेण्याचीही गरज नाही. कोकणात कणकवली येथे 1948 साली गोपुरी आश्रम स्थापणारे अप्पासाहेब पटवर्धन आयुष्यभर हेच सांगत व स्वतःच्या हाताने करून दाखवीत. पुण्याजवळ देहू येथे डॉ. मापुसकर 1959 साली सरकारी दवाखान्यात वैद्य म्हणून आले आणि रोग्यांस औषध देता देता, हे रोग मुळात शौचकूप नसल्याने होतात, हे ओळखून त्यांनी पुढील सारे आयुष्य शौचकूप व मैल्यापासून मिळणारा वायू यांच्या कामास वाहिले. 2017 साली त्यांस मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. वैद्याने शौचकूप बांधीत फिरावे, याचे प्रथम गावकऱ्यांस हसू आले असेल. पण औषधाच्या बाटलीपेक्षा मोठे औषध त्यांनी दिले.

आता घरी करावयाच्या गोष्टी. आपल्या टाकीचे झाकण कोठे आहे हे वडिलांस विचारावे. पुष्कळ घरी ते कोणासच सांगता येत नाही. शेवटची उपसणी कोणत्या साली झाली ते झाकणावर रंगाने लिहून ठेवावे. गाळ किती साठला हे पाहण्याचे काम मुलांचे नव्हे. ते जाणत्या माणसाने, झाकण उघडून वारा लागू दिल्यावर, जवळ विडी-काडी न पेटविता, बाहेर उभे राहूनच करावे: लांब काठीस पांढरे फडके गुंडाळून ती तळापर्यंत सोडावी व वर काढावी. फडक्याचा जेवढा भाग काळा झाला तेवढा गाळ. तो टाकीतील पाण्याच्या खोलीच्या एक-तृतीयांश झाला असेल, तर गाडी बोलवावी.

मुलांसाठी दुसरे काम आहे. ज्यांच्या अंगणात किंवा शेजारी विहीर व शोषखड्डा दोन्ही आहेत, त्यांनी या सुटीत दोहोंमधील अंतर दोरीने मोजावे, जमीन कोणत्या बाजूस उतरते तेही पाहावे, आणि कागदावर लिहून शाळा उघडताच आमच्याकडे आणावे. भूगोलाच्या तासास आपण त्या सर्वांचा मिळून एक नकाशा काढू.